कारण : पालकांच्या विनंतीवरून

2024 च्या जुलैत आमच्या भागातल्या शाळांमध्ये एकाएकी जुन्या विद्यार्थिनींची गर्दी व्हायला लागली. कडेवर लेकरू, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1500 रुपये हवे असतील तर रहिवासाचा पुरावा द्या, आणि तो नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला चालेल, असं सरकारनं जाहीर केलं होतं. ज्या बायकांना शाळेत जाऊन काही मिळालं नव्हतं, त्यांना शाळा सोडल्याचे पैसे मिळणार होते. रांग लागणारच.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, एकतीस वर्षं जिल्हा परिषदेची नोकरी केली. त्या बायकांपैकी एक माझ्या घरी आली. "सर, तुमी संगं चला, तुमच्या शब्दावर लौकर भेटंल." गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढलं. मराठवाड्यात अजून हाच शब्द चालतो, निजाम गेला तरी. पान सापडलं. अक्षर माझंच. इयत्ता पाचवी. प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून. खाली तारीख, 30 जून 2010. मूळ दाखलाही तिथंच टाचून ठेवलेला निघाला. चौदा वर्षांत न्यायला कुणी आलं नव्हतं.

तिनं बोट ठेवून, अक्षरं जुळवत ती ओळ वाचली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मह्या बापाला तर सही बी येत नव्हती सर. विनंती कुनी केली?"

विनंती मी केली होती. 2009 च्या दसऱ्यानंतर ती आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली आणि उन्हाळ्यात परत आली ती शाळेकडं फिरकली नाही. सतत गैरहजर मुलीचं नाव पटावर दिसलं की तपासणीत शेरा येतो, शाळेची गळती वाढते, केंद्रप्रमुख तोंड वाकडं करतात. दाखला दिला की ती गळती राहत नाही. मूल दुसऱ्या कुठल्याशा शाळेत गेलं, असं कागद समजून घेतो. म्हणून अर्ज मी लिहिला, बापाचा अंगठा घेतला आणि दाखला फाडला. शिक्षण हक्क कायदा लागू होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत ठेवायचा तो कायदा. पोरगी बारा वर्षांची होती. वर्गाच्या भिंतीवर मीच तक्ता लावला होता, "शिक्षण माझा हक्क."

या ओळी वाचून कुणाला माझी कीव येणार असेल तर येऊ नये. असे दाखले फाडणारा मी एकटा नव्हतो, आणि हे ज्यांना माहीत होतं त्यांच्या सह्या माझ्या सहीच्या वर आहेत.

आता 'गळती' हा शब्द घ्या. आंब्याचा मोहर गळतो. पत्रा गळतो. पिंपळाची पानं गळतात. गळण्याला कर्ता नसतो, म्हणून सरकारी मराठीला हा शब्द फार आवडतो. मी डी.एड.ला होतो तेव्हा 'गळती व स्थगन' हा हमखास येणारा प्रश्न. गळतीची कारणे लिहा, गुण पाच. उत्तर आम्हाला पाठ : पालकांचे दारिद्र्य, पालकांचे अज्ञान, पालकांची अनास्था, बालविवाह, घरकाम. पाचपैकी पाच कारणं मुलाच्या घरातली. शाळेच्या फाटकाच्या आत गळतीचं एकही कारण सापडत नाही, हे शिकून आम्ही शिक्षक झालो.

बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 साली मुंबईच्या कायदेमंडळात हिशेब मांडला होता. पहिलीत शंभर मुलं आली तर चौथीपर्यंत पोचतात अठरा, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरांत जाऊन मिसळतात. तेव्हाही सरकारकडं कारणं तयार असणार. आज आपली आकडेवारी पुष्कळ देखणी आहे. 2021-22 च्या सरकारी नोंदीनुसार देशात प्राथमिकला गळती दीड टक्का, उच्च प्राथमिकला तीन टक्के आणि माध्यमिकला एकदम 12.6 टक्के. पहिले दोन आकडे वाचून दिल्ली-मुंबईत पाठ थोपटली जाते. हे आकडे कसे तयार होतात ते मला ठाऊक आहे, कारण त्यातले काही मीच तयार केले आहेत.

मुलं कधी मोजतात ते बघा. आमच्याकडं वर्षातली सगळ्यात पवित्र तारीख 30 सप्टेंबर. त्या दिवशी पटावर किती मुलं आहेत त्यावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरतं. देशभरची शाळांची माहितीही याच तारखेची घेतात. आता बीडच्या कुठल्याही डोंगराळ गावात जाऊन विचारा, ऊसतोडीच्या टोळ्या कधी निघतात? दसऱ्यानंतर. सप्टेंबरच्या शेवटी वर्ग भरलेला असतो, ऑक्टोबर सरता सरता रिकामा होऊ लागतो. मुलांना पाय फुटायच्या आत आम्ही त्यांना मोजून घेतो, आमची पदं पक्की करतो, आणि मग त्यांना जाऊ देतो. ती एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते. ती तरी कशी घ्यायची? फळ्यावर उत्तरं लिहून घ्यायची. मी घेतलेली आहे.

हा योगायोग असेल असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग 2011 ची पटपडताळणी आली. बोगस पटाचा बोभाटा झाला होता, म्हणून राज्यभर एकाच वेळी मुलं मोजायची ठरली. तारखा 3 ते 5 ऑक्टोबर. त्या वर्षी दसरा कधी होता? 6 ऑक्टोबरला. मोजणारे घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गावात कोयत्यांची पूजा झाली. त्या पडताळणीत राज्यात लाखो मुलं कागदावरची निघाली, मोठा गाजावाजा झाला, तो व्हायलाच हवा होता. पण जी मुलं खरी होती, त्या तीन दिवसांत वर्गात बसून मोजली गेली होती आणि पुढच्या पंधरवड्यात ट्रकात बसणार होती, ती कोणत्या रकान्यात गेली? हजर. पुढं 2015 मध्ये शाळाबाह्य मुलांचं एका दिवसाचं सर्वेक्षण झालं, 4 जुलैला. मतदानासारखी बोटाला शाई लावायची. जुलैत ऊसतोड मजुराचं पोर कुठं असतं? गावात, आईबापाच्या घरी, शाळेच्या पटावर. शाई लावायला सोपं. शासनाच्याच व्याख्येप्रमाणं महिनाभराहून अधिक सलग गैरहजर राहणारं मूल शाळाबाह्य ठरतं. त्या हिशेबानं आमची निम्मी शाळा दर वर्षी चार-पाच महिने शाळाबाह्य होती. ते महिने सोडून बाकी सगळ्या महिन्यांत सरकारनं त्यांना मोजलं आहे.

मधल्या महिन्यांचं काय करायचं, तर ते हजेरीपटाला ठाऊक. मी किती जणांना हजर लावलं याचा हिशेब देत बसत नाही. त्यांच्या वाट्याची खिचडी कागदावर शिजत राहिली, एवढं सांगितलं तरी जाणत्याला पुरे.

आता ज्यांना कोयता म्हणजे फक्त हत्यार वाटतो त्यांच्यासाठी. आमच्याकडं कोयता म्हणजे जोडपं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, हंगामाच्या आधी, एकरकमी. त्यातून मागचं देणं फेडायचं, लग्नाचं, दवाखान्याचं, आणि मग सहा महिने राबून ती फेडायची. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, सीमेपलीकडं बेळगाव. पहाटे अंधारात फडात जायचं, ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी येईल तेव्हा भरायची, मग ती रात्री बारा वाजता येवो. दर टनावर. 2024 च्या जानेवारीत तो 34 टक्क्यांनी वाढला, तोही संपाची भाषा केल्यावर.

या जोडप्याला तीन लेकरं आहेत. धाकटं दीड वर्षाचं. मोठी पोरगी दहाची. कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, तिनं राहायचं, धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, भाकरी थापायच्या, शेरडू-वासरू असेल तर त्याला बघायचं. पोरगा बारा-तेराचा असेल तर तो मोळ्या वाहतो, वाढ्याच्या पेंढ्या बांधतो. वाढं चारा म्हणून विकलं जातं, त्यावर मीठ-मिरची निघते. एका बाईला मी एकदा शहाणपण शिकवायला गेलो होतो. पोरीला मागं ठेवा, आजीजवळ राहील, शाळा बुडायची नाही. ती म्हणाली, "ठिवते की सर. मंग लहान्याला तुमी सांभाळता का?" मी काही बोललो नाही. घरी येऊन पगारपत्रक भरायचं होतं.

हीच ती पालकांची अनास्था. पाच गुणांच्या उत्तरातला तिसरा मुद्दा.

बरं, सरकारनं काही केलंच नाही असं नाही. सरकारनं फार केलं आहे, दर पाच वर्षांनी नव्या नावानं केलं आहे. आधी साखरशाळा होत्या. कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या शेजारी पालाची किंवा पत्र्याची शाळा. त्यांत पुष्कळ खोट होती, काही नुसत्या पाटीपुरत्या होत्या, पण मूल होतं तिथं शाळा जात होती. 2010 साली कायदा आला. कायद्याला रीतसर शाळाच मान्य, म्हणून साखरशाळा अनौपचारिक ठरल्या आणि पाठोपाठ मिटल्या. मुलांनी जवळच्या नियमित शाळेत जावं असं ठरलं. ऐकायला किती छान. आमच्या मुलांच्या हातात शिक्षण हमी कार्ड दिलं, हे दाखवा, तिकडची शाळा घेईल.

तिकडची शाळा का घेईल? तिकडच्या गुरुजींचाही 30 सप्टेंबर होऊन गेलेला असतो. नोव्हेंबरात दारात आलेल्या पंचवीस पोरांमुळं त्यांना एक जादा शिक्षक मिळत नाही. वर्गात गर्दी वाढते, खिचडीचा हिशेब बिघडतो, आणि टोळी फड बदलून पुढं गेली की जानेवारीत हीच पोरं गायब. मूल बीडहून कोल्हापूरला जातं, पण त्याच्या नावावर मंजूर झालेला शिक्षक बीडमध्येच राहतो. तो मी. ज्या दिवसांत माझ्या वर्गात सहा मुलं उरत, त्या दिवसांत माझा पगार पूर्ण पटाचा होता. हे मला कुणी विचारलं नाही, मीही आपण होऊन सांगितलं नाही.

मग हंगामी वसतिगृहं आली. नाव वसतिगृह, पण वसती कुठंच नाही. दोन वेळचं जेवण शाळेत, झोपायला आजीकडं. तरी मी म्हणेन, आतापर्यंतच्या योजनांत थोडं तरी उपयोगी पडलं ते हेच. यामुळं माझ्या वर्गातल्या काही पोरी खरोखर मागं राहिल्या आणि शिकल्या. पण टोळी ऑक्टोबरात निघते आणि मंजुरीचा कागद कधी यायचा ते कागदालाच माहीत. मूल ट्रकात बसून गेल्यावर वसतिगृह उघडतं. 2021 मध्ये सरकारनं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं सुरू करायचं ठरवलं, भगवानबाबांच्या नावानं, मुलांचं एक, मुलींचं एक. संतांचं नाव द्यायला आपण कधी उशीर करत नाही.

आणि तो एक रुपया. वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. 1992 साली महाराष्ट्रानं ठरवलं की दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता द्यायचा. वर्षाला जास्तीत जास्त 220 रुपये. 1992 मध्ये रुपयाला काही किंमत होती, पोरीची आई तो मोजून घ्यायची. पुढं तीस वर्षं उलटली, आमदारांचे पगार वाढले, माझा पगार तीन वेतन आयोगांनी वाढवला, साखर वाढली, चहा वाढला. मुलीचा रुपया रुपयाच राहिला. मधल्या काळात बँक खातं उघडा असा फतवा निघाला. त्या खात्यासाठी बापाची एक दिवसाची मजुरी बुडाली, म्हणजे पोरीची वर्षाची कमाई गेली. दहा वर्षांची होती तेव्हा जिला दिवसाला रुपया दिला, तीच सव्वीस वर्षांची झाल्यावर तिला महिन्याला 1500 रुपये. मधल्या काळात तिच्यात काय बदल झाला? ती मतदार झाली.

आता पोरींविषयी अजून थोडं. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण फुकट. आठवी संपली की दोन्ही एकदम थांबतं, जणू चौदाव्या वर्षी भूक मेली. आठवी-नववीची शाळा गावात नसते, ती चार-सहा किलोमीटरवर. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण पास दाखवायला एसटी यावी लागते. 2021-22 मध्ये एसटीचा संप साडेपाच महिने चालला तेव्हा आमच्या पाड्या-तांड्यांवरच्या किती पोरींची शाळा रस्त्यातच संपली हे कुणी मोजलं नाही. त्यात टोळी निघायची वेळ. वयात आलेली पोरगी गावात एकटी ठेवायची भीती, आणि कोपीवर न्यायची त्याहून जास्त भीती. शिवाय वर सांगितलं ते गणित : एकटा गडी अर्धा कोयता, त्याला उचल अर्धी. लग्न झालं की तो पुरा कोयता. मग दिवाळीच्या आगेमागे लग्नं उरकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांमागं चाळीसहून अधिक जणींची लग्नं अठरा वर्षांच्या आत झालेली निघाली. राज्याचा आकडा याच्या निम्मा. या लग्नांच्या पत्रिका मला आलेल्या आहेत. एक-दोन ठिकाणी मी जेवूनही आलो आहे. बालविवाह प्रतिबंधाची शपथ मी प्रार्थनेनंतर मुलांकडून म्हणून घ्यायचो, ज्या पोरीनं ती सगळ्यात मोठ्यानं म्हटली तिचं लग्न त्याच दिवाळीत झालं.

मुलाला मात्र वेगळा रकाना आहे. देशभरच्या पाहण्यांत शाळा का सोडली या प्रश्नाला एक लोकप्रिय उत्तर असतं : शिक्षणात रस नाही. मुलांच्या बाबतीत तर फारच लोकप्रिय. मीही ते लिहिलं आहे, 'अभ्यासाची आवड नाही.' हा रकाना ज्यानं काढला त्याला माझा कोपरापासून नमस्कार. पोरगं सप्टेंबरात वजाबाकीवर असतं, एप्रिलमध्ये परत येतं तेव्हा वर्ग अपूर्णांकांवर गेलेला असतो. असं चार वर्षं झालं की ते पाचवीत बसतं आणि त्याला धड वाचता येत नाही. नापास करायचं नाही हे धोरण वाईट नव्हतं. त्याबरोबर मागं पडलेल्याला शिकवायचंही होतं, ते आम्ही वगळलं. निकाल शंभर टक्के. तेरा वर्षांचा पोरगा मागच्या बाकावर बसून रोज पाच तास न कळणारी भाषा ऐकतो. तुम्हाला तिथं बसवलं असतं तर तुम्हाला कितपत आवड राहिली असती? एखाद्या सभेत भाषण लांबलं तर तुम्ही चहाच्या निमित्तानं उठता. तो उठला आणि फडात गेला, निदान तिथं त्याच्या हाताला काम होतं.

शिक्षक काय करत होता, असं आता तुम्ही विचारणार. विचारा. शिक्षक मतदारयाद्या करत होता, पोषण आहाराचे आकडे रोज मोबाइलवर भरत होता, लिंक भरत होता, फोटो टाकत होता, हागणदारी बघायला पहाटे नदीकाठी उभा राहत होता. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये असं कायद्याचं 27 वं कलम म्हणतं. पण हे रडगाणं मी लांबवत नाही, आमच्या संघटनांनी ते गाऊन गाऊन गुळगुळीत केलं आहे. त्याच संघटनांनी बदल्यांसाठी मोर्चे काढले, जुन्या पेन्शनसाठी राज्य बंद पाडलं. ऊसतोडीला गेलेल्या मुलांमागं एक शिक्षक पाठवा, या मागणीसाठी काढलेला मोर्चा मी पाहिलेला नाही. मी स्वतः पदाधिकारी होतो. माझा मुलगा तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत शिकला. बहुतेक सहकाऱ्यांची मुलं तिथंच होती. आपल्या शाळेवर आपलाच किती विश्वास आहे, हे आम्ही फी भरून जाहीर केलं होतं.

आता नवं प्रकरण, कमी पटाच्या शाळांचं. 2017 च्या शेवटी दहाच्या आतल्या पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करायचा निर्णय झाला. 2023 मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची टूम निघाली. अशा शाळा राज्यात जवळपास 15 हजार. भाषा कशी, तर मुलांना खेळायला सवंगडी मिळत नाहीत, त्यांचं समाजीकरण होत नाही. तांड्यावरच्या सात वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून चार किलोमीटरवर सवंगडी शोधायला पाठवायचं, हा कळवळा मंत्रालयात बसूनच सुचतो. याच सुमारास इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं शाळेसाठी नाशिकच्या जिल्हा परिषदेकडं निघाली होती. शाळा देत नसाल तर दप्तर घ्या आणि शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी. धोरण काय आहे ते मुलांना अधिकाऱ्यांपेक्षा नेमकं कळलं होतं.

खर्चाचं म्हणाल तर 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढं हेच मांडलं होतं की महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांकडं. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. माझी विद्यार्थिनी बारा वर्षांची होती तेव्हा मी तिचा दाखला फाडला, हे मी वर सांगितलंच आहे. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. पण दंड लावण्याआधी त्यांनी शाळा काढल्या होत्या, तिजोरी रिकामी केली होती. आज त्याच कोल्हापूरच्या फडांत बीडची पोरं मोळ्या वाहतात. महाराजांचा दंड आज लावायचा तर कुणाला लावाल? अंगठा देणाऱ्या बापाला? उचल देऊन कोयता बांधून घेणाऱ्या मुकादमाला? गाळपाचे आकडे अभिमानानं छापणाऱ्या आणि तळावर किती मुलं आहेत हे माहीत नसणाऱ्या साखर कारखान्याला? मला लावणार असाल तर माझी हरकत नाही, पेन्शनमधून कापून घ्या.

त्या बाईला दाखला मिळाला. मुख्याध्यापक नव्या दमाचे, भले आहेत. त्यांनी मूळचाच सोडवून दिला. जाताना म्हणाली, "सर, ते कारन खोडता येतंय का?" मी म्हटलं, सरकारी रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. तिची मोठी पोरगी तेव्हा दुसरीत होती, त्याच शाळेत. त्या दसऱ्याला ती तिला मागं ठेवणार होती की घेऊन जाणार होती ते मी विचारलं नाही.

माझं शिक्षणमंत्र्यांना, आयुक्तांना, ज्यांच्या हातात पेन आहे त्या सगळ्यांना एकच सांगणं आहे. योजना नको, संतांचं नाव नको, नवा लोगो नको. पुढच्या वर्षी पट 30 सप्टेंबरला मोजू नका. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, 15 जानेवारीला मोजा. बीडमध्ये मोजा आणि त्याच दिवशी सोलापूर-कोल्हापूरच्या तळांवरही मोजा. जिथं मूल सापडेल तिथं त्याचा शिक्षक पाठवा, पगारासकट. माझ्यासारखे दोन-चार निवृत्त मास्तर फुकट मोजायला यायला तयार आहेत. शाई तुम्ही आणा.